डिकीतल्या चार चॅनल अँपला लिक्विड कूलिंग: कामाच्या नोंदी

गाडी: सेडान, डिकी केबिनपासून वेगळी. अँप (म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर): चार चॅनल, क्लास एबी (क्लास डीपेक्षा जास्त तापणारा प्रकार), ४ ओहमला चॅनलमागे १०० वॉट. बसवलेली जागा: मागच्या सीटच्या पाठीमागे उभा, पुढे कार्पेट लावलेली फळी. मालकाला डिकीतली जागा हवी आहे, त्यामुळे अँप हलवायचा नाही. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात तो प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे तापून स्वतःच बंद होतो. म्हणून त्याला पाणी फिरवून थंड करायचं ठरवलं.

८ मार्च २०२५: आधी मोजमाप

कूलिंगला हात लावण्याआधी नेहमीची कारणं तपासली. चारही चॅनलवरचा भार ४ ओहम, कुठेही २ ओहमच्या खाली जोडणी नाही. वाजत असताना अँपच्या टर्मिनलवर १३.४ व्होल्टच्या खाली येत नाही. गेन ऑसिलोस्कोपवर लावला, क्लिपिंग (सिग्नलची टोकं कापली जाणं) नाही. यातलं काही चुकलेलं असतं तर ते दुरुस्त करून काम तिथेच संपलं असतं. गरम होणाऱ्या बहुतेक अँपांचा उपाय इथेच सापडतो. क्लास डी अँपला तर चारी बाजूंनी २५ मिमी मोकळी जागा आणि एक पंखा एवढं बहुधा पुरतं.

चाचणी अशी: ४ ओहमचे अ‍ॅल्युमिनियम आवरणाचे डमी लोड (स्पीकरऐवजी जोडलेले रेझिस्टर), १०० हर्ट्झचा साइन टोन, प्रत्येक चॅनलवर १० व्होल्ट आरएमएस, म्हणजे एकूण १०० वॉट बाहेर. पुरवठा १३.८ व्होल्टचा, क्लॅम्प मीटरवर २४ अँपिअर. आत ३३१ वॉट गेले, लोडवर १०० आले, उरलेले २३१ वॉट अँपच्या अंगात. पूर्ण आवाजावर चाचणी घेतली नाही, कारण एबी अँप सगळ्यात जास्त तापतो तो पूर्ण आवाजावर नव्हे. आउटपुट व्होल्टेज कमालीच्या साधारण ६४ टक्के, म्हणजे पॉवर ४० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ट्रान्झिस्टरवर सर्वाधिक उष्णता पडते. १० व्होल्टला आपण त्या शिखराच्या अगदी जवळ असतो.

बाहेरची हवा ३८ अंश, डिकी बंद. ३५ मिनिटांत हीटसिंक (अँपचं उष्णता सोडणारं धातूचं अंग) ८२ वर, अँप बंद. पुढच्या सगळ्या आकड्यांची तुलना याच्याशी.

१५ मार्च: तयार ब्लॉक

पेल्टियरसाठी (विजेवर गार होणाऱ्या चकतीसाठी) मिळणारे ४०×२४० मिमीचे अ‍ॅल्युमिनियमचे वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारे ठोकळे) दोन आणले, जोडी ११०० रुपये. अँपच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना आतून ट्रान्झिस्टर दाबलेले आहेत, म्हणून ब्लॉक बाहेरून त्याच भिंतींवर. पण भिंतींवर पंख, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या, आहेत. ब्लॉक फक्त पंखांच्या टोकांवर टेकतो आणि मधल्या खाचांत पेस्ट भरून उपयोग नाही. थर्मल पेस्ट ही दोन सपाट पृष्ठांमधल्या केसाएवढ्या फटीसाठी असते, ४ मिमीच्या दरीसाठी नाही. बादलीतलं ३० अंशांचं पाणी फिरवूनही हीटसिंक ६७ वर.

शिवाय दोन ब्लॉक टी जोडून समांतर लावले होते. एकात हवा अडकली की सगळं पाणी दुसऱ्यातून जातं आणि पहिला गरमच राहतो. बाहेरून काही कळत नाही, हात लावल्यावर कळतं. यापुढे सगळं एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये. पाणी दुसऱ्या प्लेटपर्यंत थोडं गरम होऊन पोचेल ही शंका बरेच जण घेतात. मिनिटाला एक लिटर पाणी दर अंशाला सुमारे ७० वॉट नेतं. मिनिटाला २ लिटर फिरलं तर २३१ वॉटला दोन अंशसुद्धा फरक पडत नाही.

या ब्लॉकना स्क्रूची भोकं नसतात आणि पाडूही नयेत, आत पाण्याची वाट कुठून जाते ते दिसत नाही. म्हणून हे दोन्ही ब्लॉक वापरायचे नाहीत असं ठरवलं.

२३ मार्च: पंख काढले, प्लेट केल्या

मिलिंगला द्यायच्या आधी पीसीबी (सर्किट बोर्ड) पूर्ण बाहेर काढला. अ‍ॅल्युमिनियमचा एक बारीक चुरा आत राहिला तरी पॉवर सप्लायचे मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) जातात. ट्रान्झिस्टरच्या क्लिपांना खुणा केल्या, फोटो घेतले. जुने सिलिकॉन पॅड सुटताना फाटतात म्हणून सगळे नवीन. हे पॅड फक्त उष्णतेसाठी नाहीत: ट्रान्झिस्टरच्या पाठीवर सप्लाय रेलचं व्होल्टेज असतं, पॅडला टोचणी लागली तर ती भिंतीशी शॉर्ट. बसवल्यावर प्रत्येक पाठ आणि भिंत यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघा, एकही सोडू नका.

भोसरीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) दोन्ही भिंतींचे पंख छिलून सपाट केले. भिंत ७ मिमी उरली. त्यांवर बसवायच्या कोल्ड प्लेटचं (आतून कूलंट फिरणाऱ्या प्लेटचं) माप:

खालचा तुकडा ६०६१ अ‍ॅल्युमिनियम, २३०×५०×१५ मिमी. त्यात ८ मिमी रुंद, ८ मिमी खोल अशी यू आकाराची वाट, मध्ये ६ मिमीची भिंत. भोवती ३ मिमीच्या नायट्राइल दोरीसाठी खाच, ३.८ रुंद आणि २.३ खोल. झाकण १० मिमी जाड, कारण त्यात १/८ इंची बीएसपीचे (पाइप-फिटिंगच्या मापाचे) आटे पाडायचे आहेत. ५ मिमीच्या झाकणात आटे धरत नाहीत. कडेने एम ४ चे स्क्रू, २५ मिमी अंतराने.

फिटिंग स्टेनलेसचे, खाली डाउटी वॉशर (आत रबराची कड असलेला धातूचा वॉशर). पितळेचे फिटिंग आणि तांब्याचा रेडिएटर मुद्दाम टाळले. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम खड्डे पडत झिजतं, आणि इथे ८ मिमीच्या वाटेखाली जेमतेम ७ मिमी धातू आहे. कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचे बहुतेक रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, म्हणून तो पर्याय बाद.

पट्टी आणि जॉबवर्क मिळून ४२०० रुपये. या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च, पण इथे वाचवू नये.

५ एप्रिल: गळती आणि सपाटी

सायकलच्या पंपाने १० पीएसआय हवा भरून प्लेट बादलीत बुडवल्या. एकीतून बुडबुडे. ओ-रिंगच्या दोरीचा जोड सरळ कापून चिकटवलेला होता आणि नेमका कोपऱ्यात आला होता. नवी दोरी ४५ अंशांत कापली, सुपरग्लूचा एक थेंब, जोड लांब बाजूच्या मध्यावर. अर्धा तास काटा हलला नाही.

मग पेस्टचा ठसा. भिंतीवर पातळ थर, प्लेट दाबून पुन्हा काढायची. दोन्ही टोकांना छान ठसा, मधला ९० मिमी कोरा. मशीनच्या वाइसमध्ये आवळलेली पट्टी सोडल्यावर थोडी कमानली होती. जाड काचेवर ३२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून घासली. मार्करने रेघा मारायच्या, त्या सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या की थांबायचं. फीलर गेजची ०.०५ ची पाती कुठेच शिरली नाही.

भिंतीत भोकं पाडलीच नाहीत, आतल्या बाजूला पीसीबी आणि ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येक प्लेटवर ६ मिमी जाडीच्या तीन उभ्या पट्ट्या, आणि अँपच्या वरून-खालून जाणारे सहा एम ५ स्टड दोन्ही प्लेट एकमेकींकडे ओढतात. मधल्या पट्टीपासून सुरुवात, मग टोकं, दोन फेऱ्यांत.

१२ एप्रिल: रेडिएटर डिकीत

रेडिएटर नाना पेठेतून: पल्सर एनएस २०० चा जुना, पंख्यासकट, १६०० रुपये. हा निवडण्याची कारणं: अ‍ॅल्युमिनियमचा आहे, चिखल-पाण्यात राहायला बनवलेला आहे, पंखा गाडीच्या १४.४ व्होल्टवर चालायलाच केलेला आहे. मोटरसायकलच्या इंजिनाची उष्णता किलोवॉटमध्ये असते, आपले २३१ वॉट त्याला किरकोळ. तोंडं आपल्या १० मिमी पाइपपेक्षा बरीच मोठी आहेत, व्हर्नियरने मोजून लेथवर रिड्यूसर करून घेतले. जुना घेताना दाब भरून तपासूनच घ्यावा, आणि आतून पांढरट क्षार बसलेला नको. बोअरचं पाणी वापरलेल्या रेडिएटरमध्ये तो हमखास असतो.

पंप ब्रशलेस, मोटारीच्या हीटर सर्किटचा जादाचा पंप, २४०० रुपये. ९०० रुपयांत कारंज्याचे १२ व्होल्टचे पंप मिळतात. त्यातला एक लावून बघितला: १४.४ व्होल्टवर घरघर आणि तासाभरात अंग हात न लावण्याइतकं गरम.

रेडिएटर डिकीत डाव्या कोपऱ्यात ठेवून चाचणी. पहिली वीस मिनिटं आकडे सुरेख, हीटसिंक ५७. चाळीस मिनिटांनी डिकीतली हवा ३८ वरून ५७ वर, हीटसिंक ७६ आणि अजून चढतंय. लिक्विड कूलिंग उष्णता संपवत नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवते. बंद डिकीत ठेवली तर ती डिकीतच राहते आणि कूलंट पुन्हा तीच उष्णता घेऊन अँपकडे येतो. उत्तम प्लेट, उत्तम पंप, मोठा रेडिएटर, आणि तरी शेवट जवळपास पंख्याएवढाच. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी अँप उघडण्याआधी रेडिएटरची जागा पक्की करावी. ती सापडली नाही तर काम सुरूच करू नये.

२० एप्रिल: रेडिएटर बाहेर

आधी बंपरच्या मागच्या बाजूला असलेला केबिनच्या हवेचा झडप असलेला व्हेंट वापरून पाहिला. रेडिएटर आतून त्याच्यासमोर, पंखा हवा बाहेर फेकतो, रेडिएटरला एसीची गार हवा. कूलंट ३४ अंश, पूर्ण कामातला सर्वात चांगला आकडा. तरीही ही जागा रद्द केली, आणि कुणीही वापरू नये. एसी रिसर्क्युलेशनवर असताना पंखा केबिनमधली हवा उपसतो, आत दाब कमी होतो आणि डिकीच्या, दारांच्या रबरातून बाहेरची हवा ओढली जाते. गाडी उभी असताना डिकीच्या रबरापाशी सायलेन्सरचा धूर असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अखेरची जागा: मागच्या बंपरच्या आत, डाव्या बाजूला, सायलेन्सरच्या विरुद्ध टोकाला, बंपरच्या खालच्या कडेच्या वर. त्यामुळे स्पीडब्रेकरला लागत नाही. चार रबर बुशवर. पाइप डिकीच्या तळातल्या मूळच्याच रबरी बुचाच्या भोकातून ग्रोमेट लावून काढले. तळाला नवीन भोक पाडलं नाही. खालून ब्रेकचे पाइप कुठून जातात ते गाडी रॅम्पवर घेऊन बघितल्याशिवाय ड्रिल उचलू नये.

पंख्याची दिशा दोनदा बदलली. मधल्या बाजूने हवा घेताना, गाडी उभी असेल तर सायलेन्सरची गरम हवा येत होती आणि कूलंट ९ अंशांनी वर. उलटा केल्यावर हवा चाकाच्या बाजूने येते आणि खाली-मागे जाते. चाकाकडे चिखल आहे, म्हणून पुढे ३ मिमी डोळ्यांची स्टेनलेस जाळी. गाडी धावताना तिथे आपोआप वारा लागेल ही अपेक्षा ठेवू नका. बंपरच्या आत हवा घुटमळते, पंखा लागतोच.

२७ एप्रिल: भरणं

एकूण मावतं १.१ लिटर. तयार मिसळलेला कूलंट, अ‍ॅल्युमिनियमला चालणारा. नुसतं डिस्टिल्ड वॉटर नको, गंजरोधक लागतोच. नळाचं किंवा बोअरचं अजिबात नको.

रचना: बॉटल सगळ्यात उंच, पंप स्टेपनीशेजारी तळाला, रेडिएटर त्याहून खाली. पंप स्वतः पाणी खेचत नाही, त्याच्याकडे उतारानेच आलं पाहिजे. कोरडा चालवला तर आतलं बुश जातं, कारण त्याला वंगण पाण्याचंच.

पहिल्या भरण्यात पंपाचा आवाज बदलेना, रेडिएटरच्या वरच्या टाकीत हवा होती. रेडिएटर बॉटलच्या खाली असल्याने त्याचं झाकण उघडून, कूलंट तोंडाशी येईपर्यंत वाट बघून बंद केलं. मग पंप दहा सेकंद चालू, अर्धा मिनिट बंद, असं बुडबुडे थांबेपर्यंत. यासाठी पारदर्शक पीव्हीसी पाइप सोयीचा, पण फक्त यासाठीच. उन्हात तापलेल्या डिकीत तो क्लिपखाली मऊ पडला आणि एक जोड सरकला. कायमचा पाइप ईपीडीएम रबराचा, ५ मीटर, ९०० रुपये. सिलिकॉनचा दिसायला छान असतो, पण त्यातून वाफ हळूहळू बाहेर जाते आणि लेव्हल उतरते.

अँपच्या वर एकही जोड नाही. प्रत्येक पाइप फिटिंगपासून आधी खाली उतरतो, मग वळतो. थेंब सुटलाच तर वायरिंगकडे न येता तळाला पडेल.

बाहेर ३८, डिकी बंद, तोच साइन टोन, दोन तास. कूलंट ४२, हीटसिंक ५६ वर स्थिर.

४ मे: शिट्टी

गाडीत सगळं जोडलं आणि ट्विटरमधून बारीक शिट्टी. इंजिन बंद असतानाही. पंपाची वायर काढली की गप्प, म्हणजे आल्टरनेटर नाही. आरसीए (अँपला सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढल्या तर पंप चालू असूनही शिट्टी नाही. म्हणजे आवाज अँपच्या आत शिरत नाही, हेडयुनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) आणि अँप यांच्या अर्थिंगमधल्या फरकातून येतो.

पंपाचा अर्थ अँपच्याच अर्थ बोल्टवर होता. ब्रशलेस पंप करंट तुकड्या-तुकड्याने घेतो. त्या वायरीत काही मिलिव्होल्टचा चढउतार होतो आणि अँपला तो सिग्नल वाटतो. पंप आणि पंख्याचा अर्थ डाव्या टेललॅम्पमागच्या बॉडी बोल्टवर नेला, रंग खरवडून. शिट्टी बरीच कमी, पण शांत जागी अजून ऐकू येत होती. पंपाच्या पॉझिटिव्हमध्ये १०० मायक्रोहेन्रीचा, ३ अँपिअरचा चोक (करंटचे चढउतार दाबणारी कॉइल) आणि पंपाच्या टोकाला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. पंख्याच्या ब्रशसाठी त्याच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक.

तरी हलका हम राहिला. अँपच्या सगळ्या वायरी काढून त्याचं अंग आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटर लावला तर सरळ शॉर्ट: क्लॅम्पच्या स्टडचं टोक पाठच्या पत्र्याला टेकत होतं. स्टड कापले, ब्रॅकेटला नायलॉन वॉशर आणि रबर बुश. आता पूर्ण शांत. कूलिंगच्या नादात ऑडिओ खराब झाला तर सगळा खर्च वाया, म्हणून या नोंदीतलं काम शेवटावर ढकलू नये.

११ मे: संरक्षण

पंख काढल्यामुळे अँप आता पूर्णपणे पंपावर अवलंबून आहे. पंपाची वायर काढून मुद्दाम बघितलं: ५६ वरून ७५ ला जायला दोनच मिनिटं. म्हणून हीटसिंकवर केएसडी ३०१ थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा छोटा स्विच), ७५ अंशांना जोडणी तोडणारा, अँपच्या रिमोट वायरीच्या (हेडयुनिटकडून अँप चालू करणाऱ्या वायरीच्या) मालेत. अँपचं स्वतःचं प्रोटेक्शन शाबूत आहेच, हे त्याच्या आधी काम करतं.

पंख्याला दुसरा केएसडी ३०१, ४५ ला जोडणारा, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीवर. हा सुमारे दहा अंश खाली येईपर्यंत सुटत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात एकदा लागला की चालूच राहतो. तेच हवं आहे.

पंप आणि पंखा रिलेवरून, बॅटरीपासून स्वतंत्र ७.५ अँपिअर फ्यूज. हेडयुनिटच्या रिमोट वायरीवर थेट पंप लावू नये, ती जेमतेम रिलेची कॉइल ओढते. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा. इंजिनासारखा बंद केल्यावर पंप चालू ठेवणारा टायमर लावला नाही: अँप बंद झाला की उष्णता तयार होणंच थांबतं.

एसीची गार लाइन प्लेटला जोडावी का, असं विचारलं जातं. नको. पावसाळ्यात आणि कोकणात हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २५ अंशांच्या आसपास असतो. प्लेट त्याच्या खाली गेली की अँपच्या आतच पाणी धरेल. बाहेरच्या हवेवर चालणारा कूलंट त्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, हीच त्याची सुरक्षितता.

१ जून: पाऊस

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला, त्यामुळे परीक्षा लवकर झाली. जाळीवर चिखलाचा थर, कूलंट ६ अंशांनी वर. जाळी चार विंगनटवर केली, आता पाना न लावता निघते. रेडिएटरच्या फिनवर प्रेशर वॉशर मारू नका, आडव्या होतात. नळीचं साधं पाणी, पंख्याच्या बाजूने.

डिकीच्या तळाला ठेवलेला गळती सेन्सर दोनदा खोटा वाजला, ओल्या छत्रीच्या पाण्याने. आता तो अँपखालच्या उथळ पत्र्याच्या ट्रेमध्ये आहे, तिथे पाणी आलं तर ते प्लेटमधलंच.

६ जुलै: पहिली तपासणी

बॉटलमधली लेव्हल ४ मिमी खाली. क्लिपा एकेक आवळल्या. रबर पहिल्या महिन्यात बसतं, तेव्हा हे करावंच लागतं. थोडा कूलंट काचेच्या ग्लासात काढला: रंग मूळचाच, तळाला काळपट चुरा नाही. तो दिसला तर अ‍ॅल्युमिनियम झिजतंय असं समजून प्लेट लगेच उघडायच्या. एका डाउटी वॉशरभोवती कोरडा हिरवा डाग होता, फिटिंग काढून वॉशर बदलला, डाग पुसून तारखेसह खूण केली.

आजवरचा खर्च टाकून दिलेल्या वस्तूंसकट १३,६०० रुपये. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, त्याच साइन टोनवर. कूलंट दोन वर्षांनी बदलायचा, ओ-रिंगची दोरी त्याच वेळी.